शिकेकाई की शॅम्पू? लेकीचे तेलकट केस आणि न्हाणीचं दार

सकाळी सातला मी घातलेली वेणी बऱ्यापैकी दिसते, मी घातलेली असूनही. दुपारी दीडनंतर बालरथातून, म्हणजे शाळेच्या बसमधून, उतरते ती वेणी मात्र पाण्यात बुडवून काढलेल्या सुंभासारखी असते, आणि भांगाच्या दोन्ही बाजूंचे केस इतके चप्प बसलेले की डोक्याचा आकार कळावा. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात हे सुरू झालं. आईचा पहिला संशय माझ्यावर. मला तेलाचं माप कळत नाही, मी चोपडतो, असं तिचं म्हणणं. मी खोबरेलाची बाटली आणून दाखवली. आठ दिवस झाकण उघडलेलं नव्हतं. मग उशीचा अभ्रा बघितला. मधोमध पिवळट डाग, पुरीएवढा.

बाय, म्हणजे माझी लेक, तेव्हा दहा संपवून अकराव्यात होती. 'तुझ्या डोक्यात भजी तळून निघतील' असं वर्गात कुणीतरी म्हटल्याचं तिने मला नाही, आजीला सांगितलं, आणि आजीने मला. ज्यांच्या घरी नऊ ते तेरा वयाचं पोर आहे त्यांना यापुढचं वर्णन करून सांगायला नको.

कारणाचं फार चऱ्हाट लावत नाही. पाळी सुरू होण्याच्या किंवा मिसरूड फुटण्याच्या बऱ्याच आधी मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अँड्रोजन जातीची संप्रेरकं सोडू लागतात, आणि ती केसांच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथींना कामाला जुंपतात. मुलगी असो की मुलगा, दोघांचीही तीच गत. सरळ केसांवरून हे तेल भराभर खाली उतरतं, कुरळ्यांवर अडखळत जातं. बायचे केस तिच्या आईसारखे सरळसोट. वर आमची गोव्यातल्या फोंड्याकडची हवा, जिथे मे महिन्यात अंघोळ करून अंग पुसेपर्यंत पुन्हा घाम आलेला असतो. म्हणजे पोर अस्वच्छ आहे असं काही नाही. हे मी सुरुवातीलाच लिहितो, कारण आमच्या घरात पहिले पंधरा दिवस सगळे तिला 'नीट न्हात जा गो' एवढंच सांगत होते.

आता निवड. आमच्याकडे ती शेवटी दोनच गोष्टींत होती: आजीची शिकेकाई, नाहीतर बाटलीतला शॅम्पू. बाकीचे सल्ले बरेच आले. लिंबू चोळा म्हणाले. पण लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि वर ऊन लागलं की चट्टे, फोड उठू शकतात, आणि ऊन तर आमच्याकडे दारातच उभं असतं. खायचा सोडा अल्कधर्मी, त्याने केस खरखरीत होतात. टाल्कम पावडर भुरभुरवून वरून विंचरायचा एक उपाय आहे. तो चार तास दिसायला बरा, पण पावडर नाकातोंडात जाते, मुलांच्या बाबतीत तर नकोच. उरले दोन.

शिकेकाईबद्दल आधी लिहितो, आणि चांगलं लिहितो, कारण तिने वाईट काही केलेलं नाही.

आईची शिकेकाई विकतच्या डब्यातली नव्हे. तिचं माहेर बार्देशातलं, त्यामुळे शेंगा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून यायला हव्यात हा दंडक. फोंड्याच्या बाजारात त्याच शेंगा मिळतात हे तिला आम्ही सांगत नाही. शेंगा, बी काढून टाकलेली रिठ्याची टरफलं, मूठभर मेथी, सावलीत वाळवलेली जास्वंदीची पानं. सगळं एप्रिल-मेच्या उन्हात कडकडीत करायचं आणि गिरणीवर न्यायचं. गिरणीवाला दर वेळी तोंड वाकडं करतो. दळताना सगळी गिरणी शिंकते आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या तांदळाला खाट लागते. शेवटी तो संध्याकाळी बंद करताना दळून देतो, आई त्याला चार आंबे देते, आणि वर्षाची बेगमी होते. पाव किलो पावडर आम्हाला दोन महिने तरी पुरायची.

तेल निघतं का? निघतं. शिकेकाईत आणि रिठ्यात सॅपोनिन असतं, म्हणजे निसर्गानेच घातलेला साबण म्हणा. फेस कमी, पण तेल सोडवतो. शिवाय शिकेकाईचा काढा किंचित आंबट असतो, त्यामुळे साबणाच्या वडीने होतात तसे केस राठ होत नाहीत. माझा अनुभव विचाराल तर, मोजमाप काही केलेलं नाही, बोटांनी चाचपून सांगतो: शिकेकाईने न्हालेले केस दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सुटे राहायचे. शॅम्पूने न्हालेले दुसऱ्या दिवशी दुपारीच चिकटू लागायचे. आणि शिकेकाईच्या केसांना जो एक जडपणा, दाटपणा येतो तो शॅम्पूने येत नाही. केवळ केसांचा प्रश्न असता तर हा लेख मी इथेच संपवून गिरणीचा पत्ता दिला असता.

अडलं कुठे, तर तांब्यात.

शिकेकाईने न्हायचं म्हणजे नेमकं काय होतं ते जरा डोळ्यांसमोर आणा. पावडर पाण्यात कालवून डोक्याला लावली. ती शॅम्पूसारखी पाण्याबरोबर वाहून जात नाही. मानेवर, कानांमागे, वेणीच्या मुळाशी चोथा होऊन बसते. तो सोडवायला दोन्ही हात केसांत हवेत. डोळे घट्ट मिटलेले हवेत, कारण शिकेकाई झोंबते आणि रिठा तर विचारूच नका. म्हणजे हात दोन्ही अडकलेले, डोळे बंद, आणि पाणी ओतायचंय. तिसरा हात लागतो, आणि तो हात दुसऱ्या माणसाचा असतो. आमच्या आज्या-पणज्यांच्या काळी तो हात घरात असायचाच. भाणातलं पाणी, चुलीत नारळाची सोडणं, न्हाणीत पाट, आणि मागे उभी आई नाहीतर काकी. शिकेकाई त्या घरासाठी केलेली आहे.

आमच्या घरातल्या हातांचा हिशेब असा: बायको वेर्ण्याच्या औषध कंपनीत, सकाळच्या पाळीला सव्वासहालाच निघते. आईच्या गुडघ्यांना न्हाणीच्या ओल्या फरशीवर उभं राहणं झेपत नाही. म्हणजे तांब्या माझ्याकडे.

पहिला महिनाभर ठीक चाललं. बाय अंगावर कपडे ठेवूनच परसात विहिरीपाशी धुण्याच्या दगडावर बसायची, मान पुढे घालून, आणि मी ओतायचो. मग ऑगस्टमध्ये एका रविवारी शेजारची पोरं क्रिकेटचा चेंडू शोधत कुंपणापाशी आली. ती काही बोलली नाहीत. बाय उठली, डोक्याला चोथा तसाच, आणि न्हाणीत गेली. मी तांब्या घेऊन मागे गेलो तर म्हणाली, "बाबा, तूं भायर राव. हांव करतां." आणि आतून कडी लावली.

मी भायर रावलो. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी शाळेतून ती आली तीच दप्तर आदळून. केस कोरडे झाल्यावर भांगात आणि मानेपाशी तपकिरी कण दिसायला लागले होते. बाईंनी सगळ्यांदेखत, पण काळजीनेच, विचारलं होतं की कोंडा झालाय का, उवा तर नाहीत ना. त्यांची चूक नाही. लांबून ते तसंच दिसतं. पण अकरा वर्षांच्या मुलीला 'शिकेकाई आहे' हे चारचौघांत सांगणं आणि 'उवा आहेत' हे सांगणं यात फारसा फरक वाटत नाही. त्या दिवसापासून न्हाणं टळू लागलं. 'आज नको', 'उद्या न्हाते', 'डोकं दुखतंय'. केस अर्थातच आणखी तेलकट.

शिकेकाई वाचवायचा मी प्रयत्न केला, हे नोंदवून ठेवतो. आदल्या रात्री शेंगा उकळून काढा करायचा, धुवट पंच्यातून गाळायचा, आणि जुन्या शॅम्पूच्याच बाटलीत भरून ठेवायचा. चोथ्याचा प्रश्न मिटला. काढा नुसता ओतायचा, चोळायचा, धुवायचा. तुम्हाला शिकेकाईच वापरायची असेल तर असाच वापरा, पावडर थेट डोक्यावर नको. पण डोळ्यांत जायचा तो जायचाच. फ्रीजमध्ये तीन दिवसांपुढे त्याला आंबूस वास येऊ लागतो, म्हणजे दर तीन दिवसांनी उकळत बसा. आणि उकळणार कोण, तर मीच. तीन आठवडे केलं. गणेशचवथीच्या धांदलीत एकदा राहिलं, मग राहिलंच.

आता शॅम्पू. इथे मी चुका केल्या त्या क्रमाने सांगतो, तुमचा वेळ वाचेल.

पहिल्यांदा बायकोचीच बाटली दिली. 'रेशमी, मुलायम' वगैरे लिहिलेली. दोन न्हाण्यांत केस आधीपेक्षा चप्प. कारण असल्या शॅम्पूत केसांवर थर बसवणारी सिलिकोन असतात. कोरड्या, रंगवलेल्या केसांना ती बरी, तेलकट केसांवर मात्र तेलावर तूप. दुसऱ्यांदा लहान बाळांचा शॅम्पू आणला, डोळ्यांना झोंबत नाही म्हणून. झोंबला नाही खरा, पण या वयाच्या तेलापुढे तो अगदीच सोज्वळ. तीनदा लावूनही मुळांशी ओशटपणा राहायचा. तिसऱ्यांदा, बाईंचे शब्द कानात होते म्हणून, कोंड्याचा शॅम्पू. कोंडा नव्हताच, त्यामुळे गेला काय ते कळलं नाही. केसांची टोकं मात्र झाडूसारखी झाली.

चौथ्यांदा मी बाटली उलटून मागचं वाचलं, जे आधीच करायला हवं होतं. घटक जास्तीपासून कमीकडे अशा क्रमाने छापतात, त्यामुळे पहिली पाच-सहा नावं बघितली तरी पुरतं. पाण्यानंतर सोडियम लॉरिल सल्फेट असेल तर तो कडक. लॉरेथ सल्फेट त्यापेक्षा सौम्य. सोबत कोकॅमिडोप्रोपिल बिटेन असेल तर आणखी बरं. ही कोकॅमिडोवाली मंडळी बहुधा खोबरेल तेलापासूनच बनवलेली असतात. आईला हे सांगितल्यावर तिला शॅम्पूविषयी किंचित आपुलकी वाटली. डायमेथिकोन किंवा तसलं '-कोन'ने संपणारं काही वरच्या नावांत असेल तर ठेवून द्या. पारदर्शक, साधा, 'मॉइश्चर'चा गाजावाजा नसलेला शॅम्पू; आमच्याकडे तोच टिकला. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण एका दुकानात मिळतो तो दुसऱ्या ठिकाणी मिळेलच असं नाही, आणि असे चार-पाच तरी सारखेच असतात.

पहिला महिना मात्र त्याची बाटली आणलीच नाही. कोपऱ्यावरच्या पसऱ्यावर (दुकानात) सुट्या पुड्या टांगलेल्या असतात त्या आणल्या. अकरा वर्षांच्या हातात बाटली दिली की एकतर थेंबभर घेतला जातो नाहीतर अर्धी बाटली गटारात. पुडी हे माप आहे: एक डोकं, एक पुडी, दोन हप्त्यांत. पहिला हप्ता चोळायचा तो तेलासाठी. त्याला फेस येत नाही, आणि फेस आला नाही म्हणून पोरं आणखी ओततात, तिथेच सगळा घोळ. धुवून दुसरा हप्ता लावला की फेस येतो. हे एकदा तिला कळल्यावर बाटली आणली, कारण पुड्यांची फाटकी तोंडं न्हाणीच्या मोरीत अडकून एकदा पाणी तुंबलं होतं, आणि तो प्लास्टिकचा पसारा मनाला पटतही नव्हता.

शिकवायला लागलं एवढंच: नखांनी नाही, बोटांच्या पेरांनी. कपाळावरच्या केसांपासून सुरू करून मानेपर्यंत, कारण मुलं टाळू तेवढी घासतात आणि मान विसरतात. टोकांना वेगळं लावायचं नाही, वरून ओघळतो तेवढा पुरे. कंडिशनर हवाच असेल तर कानाच्या खाली, मुळांना अजिबात नाही. बास. पाचव्या दिवशी ती कडी लावून आत गेली आणि पंधरा मिनिटांत बाहेर आली. मी तोवर डबा भरला.

दुसरा हात लागत नाही, हा शॅम्पूचा गुण कुठल्याही बाटलीवर छापलेला नसतो. माझ्या तराजूत मात्र त्यानेच पारडं झुकलं. केस दुसऱ्या दिवशी दुपारी चिकटतात? चिकटू देत, ती आपणहून परत न्हाते. शिकेकाईचे केस दीड दिवस टिकायचे खरे, पण न्हाणंच चार दिवसांवर गेलं होतं.

किती वेळा न्हायचं यावर घरोघरी वाद असतात. जास्त धुतलं की डोकं जास्त तेल सोडतं, असं मलाही कुणीतरी सांगितलं होतं. पण तैलग्रंथी चालतात त्या संप्रेरकांच्या हुकुमावर. डोकं काल धुतलं की परवा, याचा जाब त्या विचारत नाहीत. सौम्य शॅम्पू असेल तर एक दिवसाआड, एप्रिल-मेमध्ये रोजसुद्धा, आमच्याकडे काही बिघडलं नाही. टोकं कोरडी पडली तर दिवस कमी करा. तुमच्या मुलाचं डोकं वेगळं असेल. दोन आठवडे बघून ठरवा.

पाण्याचाही थोडा हात असतो. आमच्या नळाला ओपाच्या जलप्रकल्पाचं पाणी येतं, आणि परसात विहीर आहे. विहिरीचं पाणी मऊ, त्यामुळे फेस पटकन येतो, पण जाता जात नाही. केस बुळबुळीत लागतात आणि वाटतं की शॅम्पू राहिलाय. कधी खरंच राहिलेला असतो. म्हणून न्हाणं विहिरीच्या पाण्याने असेल तर शॅम्पू निम्मा घ्या. जिथे पाणी जड आहे, टँकरचं आहे, तिथे उलट होईल. शिकेकाईला हा फरक मला जाणवला नाही, हे तिच्या बाजूने लिहायला हवं.

आणि पावसाळा. जुलैत गोव्यात टॉवेल वाळत नाही तिथे कमरेपर्यंतचे केस काय वाळणार. संध्याकाळी न्हाऊन ओले केस बांधून झोपलं की सकाळी कुबट वास येतो, मग ते शिकेकाईने धुतलेले असोत की शॅम्पूने. पंख्याखाली बसवावं तर वीज गेलेली. शेवटी बायचे केस खांद्याच्या चार बोटं खाली कापून आणले. घरात दोन दिवस सुतक होतं. पण या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त उपयोग कशाचा झाला असं कुणी खोदून विचारलं, तर मी चोरटेपणाने त्या कात्रीचं नाव घेईन.

तेलाचं काय, हा आईचा प्रश्न. तेल न लावलेली नात म्हणजे तिला पोरकी नात वाटते. इथे आम्ही तडजोड केली, आणि ती शास्त्राला धरूनच आहे असं मला वाटतं. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन निघून जाणं कमी करतं. २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना करणारा एक शोधनिबंध आला होता, त्यात हा गुण फक्त खोबरेलाचा निघाला. पण तो फायदा केसाच्या लांबीला. टाळूला स्वतःचंच तेल उतू जात असताना वरून आणखी कशाला? शिवाय कोंड्याशी ज्या बुरशीचं नाव जोडलं जातं, मॅलॅसेझिया, ती तेलावरच जगते. म्हणून रविवारी सकाळी न्हाण्याच्या तासभर आधी आजी फक्त खालच्या केसांना तेल लावते, टाळूला हात लावत नाही. सुरुवातीला 'हें कसलें तेल लावप' म्हणत होती. आता सवय झालीय. तो तास दोघी व्हरांड्यात बसतात, आणि शाळेतलं जे मला कळत नाही ते तिथे बोललं जातं, असा माझा अंदाज आहे.

मग शिकेकाई कुणी घ्यावी? माझ्या भावाचा मुलगा गोव्यातच साखळीला असतो, दहाचा आहे, केस बोटभर. त्याला काहीही चालतं; गाळलेला काढा डोक्यावर ओतला की दोन मिनिटांत मोकळा. घरात सकाळी वेळ असलेलं मोठं माणूस आहे आणि पोराला त्याचा हात नकोसा वाटत नाही, तिथेही शिकेकाई उत्तम, माझ्या मते शॅम्पूपेक्षा सरस. कुणाकुणाला शॅम्पूतल्या वासाने किंवा रसायनांनी टाळूला खाज सुटते, त्यांनीही बघायला हरकत नाही. मात्र झाडपाल्याचीही ॲलर्जी असू शकते, तेव्हा आधी कानामागे थोडी लावून बघा. मूल आठ-नऊ वर्षांचं असेल, अजून हाक मारून पाणी ओतायला सांगत असेल, तर खुशाल शिकेकाई चालू द्या. हाक बंद झाली की बाटली आणा.

दोन्हींपैकी काहीच पुरणार नाही असेही प्रसंग असतात. टाळूवर पिवळट, तेलकट पापुद्रे, लाली, सतत खाज असेल तर शॅम्पू बदलत बसू नका. त्याला औषधी शॅम्पू लागतो आणि तो किती दिवस, किती मिनिटं ठेवायचा ते डॉक्टरांनी सांगायचं असतं. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, त्वचारोग विभाग आहे, किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. आणि मुलगी आठच्या किंवा मुलगा नऊच्या आत असताना तेलकट केसांबरोबर वयात येण्याची इतर लक्षणं दिसू लागली तर तो केसांचा विषय नव्हे, बालरोगतज्ज्ञांचा आहे. उवांना मात्र यात गोवू नका. त्या तेलकट डोक्यातही होतात आणि स्वच्छ धुतलेल्याही.

शॅम्पूविषयी माझ्या तक्रारी आहेतच. बाटली लवकर संपते. वास पहिल्या दिवशी अतिच असतो. शिकेकाईने केसांना येणारा तो दाटपणा गेला तो गेलाच, आणि आई ते महिन्यातून एकदा तरी बोलून दाखवते. तिचा डबा फडताळात आहे. दिवाळीच्या पहाटेच्या अभ्यंगाला तो निघतो, त्या दिवशी सगळ्यांच्या डोक्यावर तीच ओतते, बायच्याही, आणि बाय त्या एका दिवशी काही म्हणत नाही. अंधार असतो म्हणूनही असेल.

आणखी एक तक्रार आहे. कानांच्या मागचा फेस तिला अजून दिसत नाही. वाळला की पांढरी रेघ राहते. आधी मी तोंडाने सांगायचो, त्यावर भांडण व्हायचं. आता ती दारात चप्पल घालताना मी नुसतं माझ्या स्वतःच्या कानामागे बोट नेतो. ती टॉवेलाच्या टोकाने पुसते, टॉवेल माझ्या खांद्यावर फेकते आणि बालरथाचा भोंगा ऐकून पळते.